मंगळवेढ्याची भिंत का पडली?

पंढरपूरला महाद्वारापुढं, नामदेव पायरीच्या समोर चोखोबाची समाधी आहे. तिथं काय पुरलंय याची गोष्ट आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती सांगेल. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. महारांना वेठीला धरलं होतं. भिंत कोसळली आणि चोखोबा व त्याच्याबरोबरचे मजूर खाली गाडले गेले. साल १३३८ सांगतात. पुढं नामदेव तिथं गेला, ढिगाऱ्यातलं एकेक हाड कानाला लावत गेला, आणि ज्या हाडांतून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू आलं ती चोखोबाची म्हणून पंढरपूरला घेऊन आला.

आमच्या अभ्यासवर्गात मी ही गोष्ट काढली तेव्हा तीन उत्तरं आली. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "श्रद्धा असली की दगडसुद्धा बोलतो बाबा." दुसरा आमचाच तडफदार कार्यकर्ता. तो उसळून म्हणाला, "हाडं बोलत नसत्यात. हाडात चुना असतोय. बामणांनी रचलेली भाकडकथा हाय ही." तिसरा कॉलेजात शिकणारा. तो शांतपणे म्हणाला, "आपण तिथं नव्हतो. असेलही, नसेलही. विज्ञानालासुद्धा सगळं कुठं कळलंय?"

आस्तिक, नास्तिक आणि अज्ञेयवादी, तिघं एका सतरंजीवर. वाद तासभर रंगला. मित्रांनो, त्या तासाभरात एकानंही विचारलं नाही की भिंत का पडली? पाया किती खोल होता? वेठीच्या माणसाला 'आज भिंत धोक्याची आहे, मी चढत नाही' असं म्हणायची सोय होती का? आणि चोखोबाबरोबर जे मेले त्यांची हाडं कुठं गेली? ती बोलली नाहीत म्हणून तिथंच राहिली. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

दुसऱ्या कार्यकर्त्याचं उत्तर बरोबरच आहे. हाडं बोलत नाहीत. पण एवढं बोलून तो विज्ञानाचं काम संपलं असं समजून खाली बसला, आणि माझं भांडण इथून सुरू होतं.

आपल्यातले पुष्कळ जण सांगतात की बुद्ध नास्तिक होता. काही शिकलेले म्हणतात, छे, तो अज्ञेयवादी होता, कारण तो गप्प राहिला. दोघांनी पुस्तक नीट वाचलेलं नाही असं माझं मत आहे. मीही शाळेत वाचलेलं नाही. पाळी संपल्यावर, एकेक पान दोनदोनदा वाचत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुरं केलं. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला, आणि मूळ इंग्रजी ग्रंथ छापून आला १९५७ साली. म्हणजे छापलेलं पुस्तक त्यांनी हातात धरलंच नाही. आपण मात्र त्याला हार घालून कपाटात ठेवतो.

बुद्ध गप्प राहिला तो कशावर? मालुंक्यपुत्तानं विचारलं होतं : जग कायमचं आहे की नाही, जगाला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एक की वेगळे, तथागत मेल्यावर असतो की नसतो. यावर बुद्धानं बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कुणी मारला, त्याची जात काय, धनुष्य कुठल्या लाकडाचं हे कळेपर्यंत मी बाण उपसू देणार नाही, असं म्हणणारा माणूस मरून जाईल. ही काही 'मला माहीत नाही' म्हणून झटकलेली मान नव्हे. कुठला प्रश्न आधी घ्यायचा याचा हा निवाडा आहे.

पण ब्रह्माचा विषय निघाला तेव्हा तोच बुद्ध गप्प राहिला नाही. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माशी एकरूप होण्याचा खरा मार्ग कुठला यावर भांडत आले. बुद्धानं सरळ विचारलं, तुमच्यापैकी कुणी ब्रह्मा पाहिलाय का? तुमच्या गुरूनं? गुरूच्या गुरूनं? कुणीच नाही. मग ही आंधळ्यांची रांग झाली, पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, शेवटच्यालाही दिसत नाही. पुरावा द्यायची जबाबदारी कुणाची, हे इथं ठरून गेलं. जो 'आहे' म्हणतो त्यानं दाखवावं. अज्ञेयवादी हा शब्द इंग्लंडच्या थॉमस हक्सलेनं १८६९ साली काढला. त्यालासुद्धा कुंपणावर बसून राहा असं म्हणायचं नव्हतं. जे सिद्ध झालं नाही ते सिद्ध झाल्यासारखं बोलू नका, एवढा त्याचा आग्रह होता. आपल्याकडं मात्र भांडण टाळायचं असलं की लोक अज्ञेयवादी होतात.

आता ग्रंथातली जी जागा मला सगळ्यात मोलाची वाटते ती सांगतो. बुद्धाच्या नावावर खपवलेल्या वचनांतलं खरं कुठलं, हे कसं ओळखायचं याच्या कसोट्या बाबासाहेब देतात. एक, ते बुद्धीला आणि तर्काला धरून आहे का. दोन, माणसाच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे का, कारण निष्फळ चर्चेत बुद्ध पडत नसे. आणि तीन, बुद्धानं विषयांचे दोन भाग केले होते : ज्यांची त्याला खात्री होती ते, आणि ज्यांची नव्हती ते. खात्रीच्या विषयावर तो ठाम बोलला. दुसऱ्यावर बोलला, पण तात्पुरतं. पुढं बदलायची वाट मोकळी ठेवून.

मला ही तिसरी कसोटी वाचून कारखाना आठवला. मी सूतगिरणीत आहे, तुटलेला धागा सांधायचं माझं काम. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की सूत तुटायला लागतं. कापसाचा तंतू ओलाव्यानं बळकट राहतो. ओलावा गेला की ठिसूळ होतो, वर विजेचा भार साठून तंतू विस्कटतात. म्हणून खात्यात पाण्याचे फवारे चालू ठेवतात. हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. पण एखाद्या दिवशी ओलावा नीट असतो आणि तरीही एकाच बाजूला धागे तुटत राहतात. मग आधी पुणी बघायची, मग चाती, मग कापूस बदललाय का ते. 'तात्पुरतं' बोलायचं आणि बघत राहायचं. हे असलं तर ते होतं, हे नसलं तर ते होत नाही. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द मला अवघड गेला, गोष्ट नाही गेली.

पण त्याच खात्यात खंडेनवमीला यंत्राला झेंडूचा हार पडतो, हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. एका गिरणीत, नाव लिहीत नाही, माझ्या डोळ्यांदेखत एका पोराची दोन बोटं यंत्रात गेली. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली होती, कारण जाळी असली की साफसफाईला वेळ लागतो आणि उत्पादन घटतं. जुनी माणसं म्हणाली, "यंदा नारळ नासका निघाला तवाच मला शंका आल्ती." एक जण म्हणाला, "नारळाचा आणि बोटाचा काय संबंध? सगळं थोतांड." मुकादम म्हणाला, "काय सांगता येतंय का." पुढच्या वर्षी पूजा मोठी झाली, मालकाकडून पेढेही आले. जाळी बसली नाही. देवावरचा वाद जितका लांबला तितकं मालकाच्या पथ्यावर पडलं. मंगळवेढ्याची भिंत इतकी जवळ आहे, दोस्तांनो.

म्हणून नुसती नास्तिकता घेऊन मला आपली माणसं ओळखता येत नाहीत. सावरकरांकडं बघा. गाय हा उपयुक्त पशू आहे म्हणणारे, विज्ञाननिष्ठेवर निबंध लिहिणारे, १९६६ साली मेल्यावर विधी न करता विद्युतदाहिनीत जाळा असं सांगून गेलेले. रत्नागिरीला १९३१ साली सगळ्या जातींना खुलं असं पतितपावन मंदिर झालं, तेही त्यांच्याच पुढाकारानं. ते नाकारण्याचं कारण नाही. पण १९२३ च्या पुस्तकात हिंदू कोण हे ठरवताना त्यांनी पितृभू आणि पुण्यभू लावली. देवाची गरज उरली नाही, पुण्यभूमीची उरली. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं ते ठरवायला तेवढी पुरली.

उलट जोतीराव फुले बघा. ते 'निर्मिक' मानत. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालं, त्यात निर्मिक जागोजागी आहे. निर्मिकानं सगळी स्त्रीपुरुष सारखी केली, मग मधला दलाल कशाला, हा त्यांचा रोख. आमच्यातले काही अतिशहाणे म्हणतात जोतीराव तेवढ्यापुरते मागे पडले. मला तसं वाटत नाही. निर्मिक आहे की नाही यावर मी त्यांच्याशी सहमत नाही, पण त्यांनी त्या निर्मिकाला कुठल्या कामाला लावलं ते बघायला पाहिजे. आस्तिक-नास्तिक हीच एक फूटपट्टी घेतली तर सावरकर आपल्या रांगेत येतात आणि फुले बाहेर जातात. अशी फूटपट्टी काय कामाची?

१४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा या नजरेनं पुन्हा वाचून बघा. 'ईश्वर अस्तित्वात नाही' असं वाक्य त्यांत नाही. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना मी देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही; राम, कृष्ण, गौरी, गणपती यांची करणार नाही; बुद्ध हा विष्णूचा अवतार हा खोटा प्रचार आहे; ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करणार नाही; सगळी माणसं समान मानीन. विश्वाचा उगम सोडून दिलाय आणि माणसाचे हात, गुडघे, चूल, लग्न, मयत धरलंय. कुठल्या उंबऱ्यावर वाकायचं नाही ते सांगितलंय. ज्या पंढरपूरच्या दारापुढं चोखोबाची हाडं पुरली ते दार आपल्या माणसांना उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं. आणि १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्य मूळचे कोण यावर ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. हाडं बोलली म्हणून नव्हे.

आता जे लिहायला हात जड होतोय ते लिहितो. याच ग्रंथात पुनर्जन्माचा भाग आहे. आत्मा परत येतो हे बाबासाहेब साफ नाकारतात. मागच्या जन्मीच्या कर्मामुळं या जन्मी दारिद्र्य आणि हलकी जात, हा सिद्धांत तर ते मुळासकट उपटतात. तो भाग माझ्या दृष्टीनं दगडावरची रेघ आहे. पण पुढं पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातली चार भूतं आकाशातल्या आपापल्या साठ्यात मिसळतात आणि ती पुन्हा एकत्र आली की नवा जन्म होतो, असं सांगताना ते विज्ञानाचा आधार घेतात, की ऊर्जा नष्ट होत नाही. इथं मी अडतो. ऊर्जा नष्ट होत नाही हे खरं. कोळसा जळाला की त्याची उष्णता हवेत जाते आणि हिशोबात काही कमी होत नाही. पण ती पसरलेली उष्णता आपणहून गोळा होऊन पुन्हा कोळसा होत नाही. तो नियम बेरीज कायम राहते एवढंच सांगतो. तेवढ्यावर पुनर्जन्म हा शब्द उभा राहत नाही असं मला वाटतं. दोन हजार वर्षं आपल्या मानेवर बसलेला शब्द त्यांना ब्राह्मणांच्या हातातून काढून घ्यायचा होता, हे मला कळतं. पण ही जागा खात्रीच्या भागात घालायची की तात्पुरत्या?

असं विचारलं की वस्तीत काही जण डोळे वटारतात. त्यांना मी तोच ग्रंथ उघडून दाखवतो. काय धम्म नव्हे, याची यादी तिथं आहे. धम्माचे ग्रंथ चुकूच शकत नाहीत असं मानणं, हे त्या यादीत आहे. आपल्या विहारांत आता बुद्धापुढं नवस बोलणारी माणसं मी पाहिलीत. आमच्या घरातही आईनं एकदा धाकट्याच्या परीक्षेसाठी मेणबत्ती लावून मागणं मागितलं. मी रागावलो. ती म्हणाली, "मागू नको तर काय करू ते तरी सांग." माझ्याकडं त्या दिवशी उत्तर नव्हतं. शिकवणीचे पैसेही नव्हते.

नरेंद्र दाभोलकरांवर आपले काही मित्र टीका करत आलेत, की १९८९ साली उभी केलेली त्यांची समिती देवाधर्माबाबत तटस्थ राहते, म्हणजे अर्धवट. मला ही टीका निम्मी पटते. देवाचं नाव काढायचं नाही आणि भोंदूला तेवढं पकडायचं, यात भोंदू ज्या झाडाला लागतो ते झाड उभंच राहतं. पण त्यांनी प्रश्न मात्र बरोबर जागी धरला होता : माणसाचं काय केलं, किती लुबाडलं, कुणाला मारलं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही करणी केली म्हणून बाईला छळणारा, अघोरी कृत्य करणारा गुन्हेगार ठरतो. देव मानणारा ठरत नाही. हा कायदा वर्षानुवर्षं अडून होता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या आणि त्याच महिन्यात अध्यादेश निघाला. मारणाऱ्यांना त्यांची तटस्थता अर्धवट वाटली नव्हती.

पुढच्या अभ्यासवर्गाला पुनर्जन्माचा तो भाग आणि बुद्धवचनाच्या कसोट्या, दोन्ही एकत्र वाचायला घ्यावेत अशी माझी सूचना आहे. ऊर्जेबद्दल माझं चुकत असेल तर जे पदार्थविज्ञान शिकलेत त्यांनी तिथं फळ्यावर मांडून दाखवावं, मी ऐकेन. आणि ज्यांच्या कारखान्यात पट्ट्यावर जाळी नाही त्यांनी खात्याचं नाव आणि यंत्राचा नंबर चिठ्ठीवर लिहून आणावा.