लेखकप्रमादाचें मोल : येफीम कार्स्की यांच्या कार्याचें परीक्षण

जुनी पोथी हातीं आली म्हणजे तींतील अशुद्धें प्रथम डोळ्यांत भरतात. संस्कृताच्या संस्कारांत वाढल्यामुळें आम्हींही नक्कल करतांना अशीं अशुद्धें पुष्कळ वर्षें मुकाट्यानें शुद्ध केलीं. तसें करणें म्हणजे पुरावा पुसणें होय, हें बेलारूसी भाषेचे पंडित येफीम कार्स्की यांच्या कार्यावरून उत्तम कळतें.

कार्स्की यांचा जन्म १८६१ सालीं ग्रोड्नोजवळील लाशा गांवीं झाला. १८८५ मध्यें निझिन येथील शिक्षण संपवून ते विल्ना येथें शाळेंत शिक्षक झाले. १८९३ पासून ते वॉर्सा विद्यापीठांत होते व १९०५ ते १९१० पर्यंत त्याचे कुलगुरुही होते. १९१६ सालीं पेट्रोग्राड येथील विज्ञानपरिषदेनें त्यांस सभासद निवडलें. १९३१ सालीं ते निवर्तले. 'बेलारूसी लोक' हा त्यांचा मुख्य ग्रंथ तीन खंडांत, सात भागांनीं, १९०३ ते १९२२ या काळांत निघाला.

या भाषेचें दैव विलक्षण आहे. लिथुएनियाच्या महासंस्थानाचें दफ्तर तिच्याच जुन्या रूपांत चाले. १५८८ चा कायदेग्रंथ तींतच छापला गेला. १६९६ सालीं दफ्तरांत तिच्या जागीं पोलिश भाषा आली, आणि ती मुख्यतः खेड्यापाड्यांतील लोकांच्या तोंडीं उरली. तेव्हां तिचा इतिहास शोधावयाचा कोठें? कार्स्की यांनीं तो एकीकडे लोकांच्या बोलींत व दुसरीकडे हस्तलिखितांत शोधला. लेखक धर्मभाषेच्या वळणानें पाण्यास 'वोदा' लिहूं पाही. पण घरचा उच्चार 'वादा' असल्यामुळें आघातहीन 'ओ'च्या जागीं 'आ' निसटून जाई. असे प्रमाद एकत्र जुळवले म्हणजे उच्चाराचा इतिहास उभा राहतो. त्याच देशांतील तातार मुसलमानांनीं ही भाषा अरबी लिपींत लिहिली. तेथें स्लाव्ह लेखनाच्या रूढीचें दडपण नसल्यामुळें कांहीं उच्चार अधिकच स्पष्ट उमटले आहेत.

मात्र दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक प्रमाद उच्चाराचा नसतो. कांहीं मूळ प्रतींतून आलेले, तर कांहीं केवळ हाताचे असतात. ही निवड न केल्यास ही पद्धति फसवी ठरेल. दुसरें असें कीं, कार्स्की यांनीं बेलारूसीस रशियन भाषेचीच एक शाखा मानलें. हें मत आम्हांस पटत नाहीं. तिचीं स्वतंत्र लक्षणें त्यांच्याच खंडांत इतकीं भरलीं आहेत कीं, पुरावा कर्त्याच्या सिद्धांतापुढें गेला आहे. १९१८ सालीं तारश्केविच यांनीं तिचें व्याकरण प्रसिद्ध करून तिच्या लेखनास शाळेंत शिकवितां येईल असें रूप दिलें. कार्स्की यांचा १९०३ चा नकाशाही धर्मावर नव्हे, भाषेवर आधारलेला होता. म्हणूनच ज्यांस स्वतंत्र बेलारूस हवें होतें, त्यांसही तो उपयोगी पडला. सिद्धांत चुकला तरी प्रामाणिकपणें जमविलेला पुरावा वांया जात नाहीं, हाच याचा अर्थ.

आमच्या संग्राहकमित्रांस एकच विनंती आहे. बखर असो वा महानुभावी पोथी, नक्कल करतांना अक्षर जसें आहे तसेंच उतरावें. शुद्ध पाठ खालीं टीपेंत द्यावा. आम्हीं शुद्ध केलेल्या प्रतींपैकीं कांहींच्या मूळ पोथ्या पुढें वाळवीनें खाल्ल्या. आतां त्या लेखकांचा उच्चार कोणास विचारावा?