शाब्दिक उदाहरणांचे समीकरणात रूपांतर : एक चिकित्सा

प्रास्ताविक : शाब्दिक उदाहरण चुकले की विद्यार्थी ‘गणितात कच्चा’ ठरविला जातो. वस्तुतः समीकरण हाती आल्यावर तोच विद्यार्थी ते बिनचूक सोडवितो, असा अनुभव पुष्कळ अध्यापकांना येतो. दोष आकडेमोडीत नसून वाक्याच्या वाचनात असतो. या दोषाचे स्वरूप व त्यावरील रूढ उपायाची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चुकीचे स्वरूप : जॉन क्लेमेंट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ हे विधान समीकरणात मांडताना अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या १५० पैकी ३७ टक्के विद्यार्थी चुकले. बहुतेकांची चूक गुणक उलट बाजूस लिहिण्याची होती. इंग्रजीत ‘सहापट’ हा शब्द आधी येतो, हे त्याचे एक कारण. मराठी वाक्यरचनेत तो शेवटी येतो; म्हणून आपण या चुकीपासून मुक्त आहोत काय? तसे म्हणता येत नाही. सोलापूरच्या परिचयाचे उदाहरण घेऊ : ‘एका विणकरामागे चार माग आहेत.’ येथे ‘४म = व’ असे समीकरण सहज लिहिले जाते. विणकर ५ असतील तर माग २० होतात; ही मूल्ये घातल्यास ८० = ५ असे विपरीत निघते. योग्य समीकरण म = ४व हे आहे.

चुकीचे मूळ अक्षराच्या अर्थात आहे. विद्यार्थी ‘म’ म्हणजे ‘माग’ ही वस्तू समजतो. ‘मागांची संख्या’ समजत नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्तासाठी ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके तितके’, ही संज्ञा आहे; पुढील अव्यक्तांना कालक, नीलक अशी वर्णांची नावे आहेत. संज्ञेतच परिमाण सूचित असल्याने वस्तूचा भ्रम उद्भवत नाही. ‘संत्री स मानू’ असे फळ्यावर लिहिणारे आपण मात्र तो भ्रम पोसतो.

रूढ उपायाची मर्यादा : ‘अधिक’ दिसल्यास बेरीज, ‘कमी’ दिसल्यास वजाबाकी, अशी शब्दसूची पाठ करून घेतली जाते. परंतु ‘रमेशचे वय सुरेशपेक्षा ५ वर्षांनी अधिक आहे, रमेश २० वर्षांचा आहे’ येथे सुरेशचे वय काढण्यास वजाबाकीच करावी लागते. ‘पाच वर्षांपूर्वी वडिलांचे वय मुलाच्या तिप्पट होते’ येथे सूची ‘तिप्पट’ तेवढे टिपते. दोन्ही वयांतून ५ वजा करावयाचे राहून जाते. सूची वाचनाला साहाय्य करीत नाही, वाचन टाळण्याची सवय लावते.

निष्कर्ष : अक्षर कोणत्या संख्येसाठी घेतले हे पूर्ण वाक्यात लिहविणे, समीकरणात एक सोपी किंमत घालून पडताळणे आणि समीकरण पुन्हा मराठीत वाचावयास लावणे, हे तीन उपाय खर्चाचे नाहीत. उत्तरपत्रिकेत मांडणीला स्वतंत्र गुण दिल्यास त्यांना बळ येईल. अन्यथा भाषेच्या आकलनातील उणीव गणिताच्या नावावर जमा होत राहील आणि विद्यार्थी स्वतःस अकारण मंद समजत राहील.