साठा आणि ठेव

राष्ट्रीय कलासंग्रहाचे रक्षण आणि त्याचे प्रदर्शन ही परस्परविरोधी कर्तव्ये होत, असे गृहीत धरूनच संग्रहालयविषयक चर्चा बहुधा चालते. या गृहीताची परीक्षा करावयास लंडनच्या नॅशनल गॅलरीचा युद्धकालीन इतिहास उपयुक्त आहे.

१९३९ साली महायुद्धाच्या तोंडावर गॅलरीतील चित्रे वेल्समध्ये हलविण्यात आली. ती कॅनडास धाडण्याची सूचना पुढे चर्चिल यांनी फेटाळली. आणि १९४१ साली मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत त्यांची व्यवस्था झाली. व्हॅन डाइकने काढलेले पहिल्या चार्ल्सचे अश्वारूढ चित्र आत नेता यावे म्हणून खाणीचे तोंड सुरुंगांनी रुंद करावे लागले. आत विटांची दालने बांधून तापमान व आर्द्रता स्थिर राखण्यात आली. रक्षणाच्या दृष्टीने याहून अधिक काय हवे?

तथापि रसिकांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. लंडन उद्ध्वस्त होत असतानाच थोर चित्रे पाहावयास मिळणे अगत्याचे आहे, अशी मागणी १९४२ च्या आरंभी वृत्तपत्रातील पत्राद्वारे करण्यात आली. संचालक केनेथ क्लार्क यांच्या कारकिर्दीत तेव्हा दरमहा एकच चित्र खाणीतून आणून मांडण्याची प्रथा सुरू झाली. तिशियनचे ‘नोली मे तांजेरे’ हे त्या मालिकेतील आरंभीचे चित्र. ‘मला स्पर्श करू नकोस’ असा त्या लॅटिन शीर्षकाचा अर्थ. मज्जाव आहे तो स्पर्शास, दर्शनास नव्हे.

नष्ट झालेले चित्र पुन्हा निर्माण करता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु एका वेळी एकच चित्र आणण्यात धोक्याचे मोजमाप होते; धोक्याची उपेक्षा नव्हती.

येथे मराठीतील दोन शब्दांचा अर्थभेद लक्षात घेण्यासारखा आहे. ‘साठा’ म्हणताना केवळ वस्तू अभिप्रेत असते. ‘ठेव’ म्हणताना ठेवणारा आणि सांभाळणारा असे दोघे गृहीत असतात. शिवाय मागताच परत करण्याचे बंधन त्या शब्दात अध्याहृत असते. राष्ट्रीय संग्रह ही या अर्थाने ठेव आहे. तिची मालकी जनतेची असून परतफेड दर्शनाच्या रूपानेच शक्य आहे. म्हणून भांडारातील चित्र किती सुरक्षित आहे, एवढे विचारून भागत नाही. ते पुन्हा केव्हा व कोठे पाहावयास मिळेल, हेही विचारले पाहिजे. आणि अन्य संग्रहालयास चित्र उसने देताना वा नाकारताना हीच कसोटी लावली पाहिजे. जेथे या प्रश्नास उत्तर नाही, तेथे ठेवीचा साठा झालेला असतो.