'इंधन' : पुन्हा वाचताना

हमीद दलवाई म्हटले की आपल्या समाजाला आधी वाद आठवतो. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे दलवाई आपण समर्थनासाठी नाहीतर विरोधासाठी वाचले. १९६५ ची त्यांची 'इंधन' ही कादंबरी मात्र कादंबरी म्हणून वाचायची राहून गेली. आम्हीही तरुणपणी तीत समाजाची बदनामी तेवढी शोधली होती.

आज पुन्हा वाचताना डोळ्यांत भरतो तो बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक. गाव त्याचे, माणसेही त्याचीच. तरी तो पुरता त्यांच्यातला उरलेला नाही. गावात तणाव वाढतो, तेव्हा त्याचे शहाणपण कामी येत नाही आणि त्याला अलिप्तही राहता येत नाही. 'मी कोण?' हा प्रश्न इथे एकांतात सुटत नाही; तो आपल्याच माणसांत भिडतो.

श्रद्धाळू मुसलमानाच्या मनातली घालमेल या कादंबरीत पुरेशी उमटत नाही, ही तिची मर्यादा आम्हांला जाणवते. पण त्यासाठी दलवाईंना किती काळ दोष देणार? ती घालमेल आपण रोज जगतो. ती मराठीत लिहिण्याचे काम आता आपले आहे.