हौशी रंगभूमीचे दोन नकार

हौशी नाट्यसंस्थेचा इतिहास पाहू गेल्यास दोन याद्या प्रथम हाती लागतात : केलेल्या नाटकांची आणि मिळविलेल्या पारितोषिकांची. स्मरणिकेत त्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात आणि दुसरीवरून वाचकाने पहिलीचे मोल ठरवावे, असा संपादकांचा हेतू असतो. वस्तुतः संस्थेचा खरा स्वभाव या दोहोंपेक्षा तिने दिलेल्या नकारांवरून अधिक स्पष्ट होतो. पुण्याच्या हौशी रंगभूमीवर पन्नास वर्षांच्या अंतराने असे दोन नकार घडले. दोहोंचाही संबंध भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचाशी आहे; परंतु त्यांची जात मात्र अगदी भिन्न आहे.

पहिला नकार प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचा. प्रा. भालबा केळकरांच्या नेतृत्वाखाली वाढलेली ही संस्था पोटासाठी नाटक करणारांची नव्हती. प्राध्यापक, डॉक्टर, नोकरदार अशी दिवसभर आपापला व्यवसाय सांभाळणारी माणसे संध्याकाळी तालमीस जमत. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद याच मंडळींतले. वसंत कानेटकरांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ हे पहिले नाटक १९५७ साली याच संस्थेने रंगमंचावर आणले. त्या वेळी कानेटकर हे नाव यशाची हमी नव्हते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते. पुढे डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे, सतीश आळेकर ही वैद्यकाशी संबंधित तरुण पिढी संस्थेत आली आणि १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला.

या प्रयोगाची थोरवी त्याच्या विषयापेक्षा त्याच्या घडणीत अधिक होती. नटांची एक रांग कधी पडदा होई, कधी भिंत, तर कधी पुण्यातील ब्रह्मवृंद. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यलेखन ही प्रयोगाची सजावट नव्हती, त्याचा सांगाडाच होता. कीर्तन, खेळे, तमाशा या आपल्याच परंपरांतून एक सर्वस्वी नवे नाट्यरूप उभे राहिले. परंतु नाना फडणवीसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणवर्गाची नालस्ती झाली, असा गदारोळ उठला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबविले. तरुण मंडळी बाहेर पडली; १९७३ साली थिएटर अकादमी स्थापन झाली, १९७४ च्या आरंभी नाटक पुन्हा उभे राहिले आणि १९८० साली ते युरोपचा दौरा करून आले.

संस्थेला भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते न्याय्य होणार नाही. नाटक निवडण्याचे, त्याच्या तालमी करण्याचे आणि ते लोकांपुढे ठेवण्याचे धैर्य तिनेच दाखविले होते. तिची चूक निराळी होती. नाटक चांगले की वाईट, हा प्रश्न बाजूस सारून ते कोणाला आवडेल आणि कोणाला नाही, या प्रश्नाचे उत्तर तिने निर्णायक मानले. हा कलाबाह्य नकार होय.

दुसऱ्या नकाराची कथा स्पर्धेची आहे. ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या पुण्याच्या संस्थेने १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा सुरू केली. विद्यार्थ्यांनीच लिहावे, बसवावे, करावे, ही तिची जीवनशक्ती. ‘अरे आवाज कुणाचा’ या आरोळीने दणाणणारे भरत नाट्य मंदिर हे मराठी नटांच्या कित्येक पिढ्यांचे पहिले विद्यापीठ ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये या स्पर्धेच्या अंतिम फेरीनंतर एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला. स्पर्धेच्या इतिहासात करंडक कुणालाच न मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यावरून मोठा वाद माजला. महिनोन् महिने राबलेल्या मुलांचा हा उपमर्द आहे, आलेल्यांतील सर्वोत्तमाला पहिला क्रमांक द्यावा, असे पुष्कळांचे म्हणणे पडले.

हा आक्षेप भावनेला पटणारा आहे, विचाराला नव्हे. ‘आलेल्यांतील सर्वोत्तम’ आणि ‘उत्तम’ या दोन कोटी एक नव्हेत. जो करंडक कधीच रोखला जाणार नाही तो मान नव्हे, शिरस्ता होय. आमच्या कचेरीतील वार्षिक वेतनवाढीहून त्याची योग्यता अधिक ती काय? परीक्षकांनी कृतीचे माप कृतीलाच लावले, बाहेरच्या कोणत्याही भयाला नव्हे. म्हणून तो कलांतर्गत नकार ठरतो. मात्र असा नकार देणाऱ्यावर एक ऋण राहते. काय उणे पडले, संहितेत की प्रयोगात, कोणत्या प्रवेशात, हे त्याने तपशीलवार सांगितले पाहिजे. कारणमीमांसेवाचून दिलेला नकार शिकणाऱ्याच्या हाती केवळ दुःख ठेवतो.

महाराष्ट्राबाहेर बदलीच्या गावी मराठी मंडळे चालविणाऱ्या आपणा लोकांना या दोन्ही नकारांत बोध आहे. गणेशोत्सवातील आपल्या पुष्कळ नाट्यस्पर्धांत पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक वाटून झाल्यावर उरलेल्यांना ‘उत्तेजनार्थ’ पारितोषिक असते. परीक्षक शेजारच्याच वसाहतीतले असतात आणि उद्या सकाळी सर्वांची गाठ बसथांब्यावर पडावयाची असते. परिणामी कोणी दुखावत नाही, आणि कोणी शिकतही नाही. नाटक निवडतानाही पुण्या-मुंबईस गाजलेलेच घ्यावयाचे, म्हणजे वर्गणीदार रुष्ट होत नाहीत. म्हणजे पहिल्या जातीचा नकार आपण नाटक वाचण्यापूर्वीच देऊन टाकलेला असतो आणि दुसऱ्या जातीचा देण्याची आपली छाती होत नाही.

वेळ नाही, ही सबब येथे चालणार नाही. शस्त्रक्रिया आणि रुग्णतपासणी सांभाळून ज्यांनी मराठी रंगभूमीचे रूप पालटले, त्यांच्यापेक्षा आपल्या फायली अधिक निकडीच्या आहेत, असे कोण म्हणेल? प्रत्येक मंडळाने वर्षाकाठी निदान एक अपरिचित संहिता उभी करावी, परीक्षकांकडून लेखी अभिप्राय घ्यावा, आणि पात्र कृती नसेल त्या वर्षी ढाल कपाटातच राहू द्यावी. रिकाम्या राहिलेल्या त्या एका वर्षामुळे बाकीच्या वर्षांची नावे विश्वसनीय होतील.