'चश्म-अंदाज' आणि 'देखावा'

भूप्रदेशाच्या दृश्यास फारसींत मुख्यतः दोन शब्द आहेत: 'मंजरा' आणि 'चश्म-अंदाज'. मराठींत आणतांना दोहोंसाठीं 'देखावा' हा एकच शब्द हाताशीं येतो. आम्हांस तो अपुरा वाटतो.

'मंजरा' मूळचा अरबी. आपली 'नजर' ज्या धातूपासून आली, त्यापासूनच तो साधला आहे. 'चश्म-अंदाज' मात्र अस्सल फारसी. 'चश्म' म्हणजे डोळा. आपला 'चष्मा' त्याच घरचा आणि संस्कृत 'चक्षुस्' त्याचा दूरचा आप्त. 'अंदाज' म्हणजे फेकणारा. 'तिरंदाज' व 'गोलंदाज' यांत तो आपल्या नित्य परिचयाचा आहे. तेव्हां 'चश्म-अंदाज' म्हणजे डोळा जेथवर फेंकला जातो तेवढा प्रदेश.

इंग्रजी 'लँडस्केप' हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच चित्रकारांच्या परिभाषेंतून आला. त्यांत भूमि आहे, पाहणारा नाहीं. फारसी शब्दांत पाहणारा आहे, भूमीचें नांवहि नाहीं.

'देखावा' या शब्दांतहि पाहणें आहे, हें खरें. परंतु त्यास ढोंगाची छटा चिकटली आहे. इराणांत आज भविष्याविषयींच्या दूरदृष्टीसहि 'चश्म-अंदाज' म्हणतात. तेथें 'देखावा' योजल्यास राष्ट्राच्या संकल्पाचें सोंग होईल!

यासाठीं नवा शब्द घडविण्याचें कारण नाहीं. 'नजरेचा टप्पा' हा आपल्या घरांतलाच प्रयोग आहे. त्यांत डोळा आहे, फेंक आहे आणि अंतरहि आहे. शेत असो वा भविष्य, दोहोंस तो शोभतो. भाषांतरकारांनीं प्रथम तेथें पाहावें.