एकेक काडीची कापणी: ‘रीपर मॅन’मधील मृत्यू आणि ‘मी’पण

मृत्यूवरची कादंबरी विनोदी असली, की तिच्यातील विनोद मृत्यूचे भय सुसह्य करण्यासाठी योजलेला आहे, असे सहसा गृहीत धरले जाते. टेरी प्रॅचेट (१९४८-२०१५) यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतील ‘रीपर मॅन’ (१९९१) या कादंबरीच्या संदर्भात हे गृहीतक अपुरे पडते. येथे विनोद हा आशयावर चढवलेला मुलामा नसून मर्त्यतेविषयी विचार करण्याची रीतच आहे.

याचा प्रत्यय आरंभीच येतो. विश्वाचे हिशेबतपासनीस असलेले ‘ऑडिटर्स’ यांना व्यक्तिमत्त्व नाही. त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून चुकून ‘मी’ हा शब्द निसटतो आणि तो तत्क्षणी नष्ट होतो. ‘मी’ म्हणणे म्हणजे व्यक्ती होणे, आणि व्यक्ती होणे म्हणजे अंत पत्करणे, हे कादंबरीचे मध्यवर्ती समीकरण एका विनोदी प्रसंगात सिद्ध होते. हे तपासनीस मृत्यूला बडतर्फ करतात तेही त्याला व्यक्तिमत्त्व प्राप्त झाले म्हणूनच. त्याच्या हाती आता स्वतःच्या आयुष्याचे वाळूचे घड्याळ येते.

‘बिल डोअर’ हे नाव धारण करून तो मिस फ्लिटवर्थ या वृद्ध शेतमालकिणीकडे मजुरी पत्करतो. लांब दांड्याच्या विळ्याने तो गवत कापतो, परंतु एका वेळी एकच काडी. ही पद्धत हास्यास्पद आहे. मात्र कादंबरीची नैतिक दृष्टी याच कृतीत साठवलेली आहे. गावच्या लोहाराने बनवलेले कापणीयंत्र सरसकट कापते. त्याला काडी-काडीतला भेद ठाऊक नाही. नवा मृत्यू मुकुटधारी आहे; त्याला मरणाऱ्याशी कर्तव्य नाही, सत्तेशी आहे. यंत्र आणि मुकुट ही एकाच बेपर्वाईची दोन रूपे होत.

दुसरे कथासूत्र विंडल पून्स या १३० वर्षांच्या जादूगाराचे. मृत्यूच नसल्याने तो मरूनही परततो आणि जिवंतपणी नव्हता इतका सचेतन होतो. शहरात साठलेल्या अतिरिक्त जीवनशक्तीतून प्रथम काचेचे गोळे, मग सामानाच्या ढकलगाड्या आणि अखेरीस शहराला गिळू पाहणारा मॉल निर्माण होतो. मरणाविना जीवन उरत नाही, उरते ती केवळ वाढ, हा विचार मार्मिक आहे. परंतु जादूगारांची धावपळ लांबते, आणि शेतावरच्या प्रसंगांतील संयत सूर तिच्या गोंगाटात वारंवार तुटतो. दोन सूत्रे विचाराच्या पातळीवर जुळतात. अनुभवाच्या पातळीवर ती पुरेशी एकजीव होत नाहीत.

शैलीच्या अंगानेही एक विशेष नोंदवला पाहिजे. मूळ इंग्रजीत मृत्यूचे बोलणे अवतरणचिन्हांविना, लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत छापलेले आहे, आणि बिल डोअर झाल्यावरही ते तसेच राहते. मानवी नावाखालून त्याचे मूळ रूप दिसत राहते. त्यातून हसू आणि कारुण्य एकदमच उपजते. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नसल्याने मराठी अनुवादकाला या द्विस्तरीयतेसाठी वेगळी युक्ती शोधावी लागेल.

शेवटी मृत्यू आपल्या पदावर परततो आणि अझ्राएलपुढे थोडा काळ मागतो. त्याचे अमर्त्यपण परत येणे ही कादंबरीने घेतलेली माघार आहे काय? तसे म्हणता येणार नाही. भारतीय परंपरेतला यम धर्मराज आहे. तो कर्मांचा निवाडा करतो. प्रॅचेट यांचा मृत्यू कोणाचाही न्याय करीत नाही. न्याय नाही, सुटकाही नाही, अशा विश्वात मरणाऱ्याला काय देता येईल, हा कादंबरीचा खरा प्रश्न आहे. मिळवलेल्या वेळात तो मिस फ्लिटवर्थना नृत्याला नेतो आणि नाचता नाचताच त्यांना आपल्या मरणाची जाणीव होते. येथे मरण टळत नाही. ते सरसकट होत नाही, इतकेच. स्वतःचे घड्याळ रिते होताना पाहिलेल्या मृत्यूलाच हे देता येते. एकेक काडी कापण्याचा अर्थ येथे पूर्ण होतो.